'लँड ऑफ द फ्री' आणि मिस्टर स्माइल

परवा ऑफिसात एक गंमत झाली. रात्रीचं रिलीज होतं, बिल्ड संपायला वीसेक मिनिटं होती, म्हणून मी हेडफोन चढवून बसलो होतो. शेजारच्या टीममधला एक मुलगा (वय वर्षं तेवीस, सगळ्या विषयांवर ठाम मतं) माझ्या स्क्रीनवर डोकावला आणि फिस्सकन हसला. "अरे, तू हे ऐकतोस? ते ड्रॅगन, तलवारी, जगाचा उद्धार वगैरे? हॅपी मेटल?"

मीही हसलो. तेवढ्यात बिल्ड फेल झाली आणि विषय तिथेच राहिला. पण घरी जाताना ते डोक्यातून जाईना. मी ऐकत होतो तो अल्बम होता गॅमा रे या जर्मन बँडचा 'लँड ऑफ द फ्री', साल १९९५. आणि हा आनंदाने उड्या मारणारा अल्बम कुठल्या परिस्थितीत बाहेर आला, ते मला माहीत होतं. म्हटलं, या शनिवारी हेच लिहू. मेटल ऐकत नसाल तरी वाचा, गोष्ट माणसांची आहे.

आधी पॉवर मेटल म्हणजे काय ते सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालतील.

हेवी मेटल म्हटलं की आपल्याला कर्कश आरडाओरडा आठवतो. पॉवर मेटल त्याच घरातलं, पण स्वभावाने वेगळं भावंडं. इथे गायक खणखणीत सुरात, वरच्या पट्टीत गातो. गिटारी दोन, आणि दोन्ही मिळून चाल सांगतात. एका गिटारने 'सा रे ग' वाजवलं की दुसरी त्याच वेळी 'ग म प' वाजवते, म्हणजे तीच चाल दोन स्वर वरून. हे एकत्र ऐकलं की अंगावर काटा येतो, आपोआप. ही युक्ती पॉवर मेटलवाल्यांची नाही. विशबोन अ‍ॅश, थिन लिझी, जुडास प्रीस्ट, आयर्न मेडन अशी तिची सगळी वंशावळ ब्रिटन-आयर्लंडकडची आहे. जर्मनांनी त्यात वेग ओतला. झोलिंगेन गावच्या अ‍ॅक्सेप्ट या बँडने १९८२ मध्ये 'फास्ट अ‍ॅज अ शार्क' हे गाणं काढलं. सुरुवातीला एका जुन्या जर्मन लोकगीताची तबकडी वाजते, मग ती खरवडून बंद पडते आणि ड्रमर दोन्ही पायांनी बास ड्रम बडवत सुटतो. तिथून पुढे एका पिढीला काम मिळालं.

या ड्रमचा हिशोब करून बघा. मिनिटाला १६० ठोक्यांची लय, प्रत्येक ठोक्यात पायाचे चार आघात, म्हणजे सेकंदाला दहा-अकरा आघात. तेही मिनिटामागून मिनिटं, एकसारखे. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत ताशा कडाडतो ना, ते काम इथे पायांनी होतं. आणि खरी मजा ध्रुवपदात. पाय त्याच वेगात चालू, पण हातांचा ठोका एकदम निम्म्या लयीत येतो. ठाय आणि दुगुन एकाच वेळी! त्यामुळे गाणं धावतही असतं आणि भव्य, संथही वाटतं. त्या मोकळ्या जागेत दहा जणांचा कोरस उभा राहतो. पहिल्यांदा ऐकणारा माणूससुद्धा दुसऱ्या ध्रुवपदाला सोबत गायला लागतो. हे काय आहे हे कळायच्या आधीच आपण त्यात सामील झालेलो असतो.

असो. तर गोष्ट सुरू होते हॅम्बर्गमध्ये.

१९८४ च्या सुमारास तिथे चार पोरांनी हॅलोवीन नावाचा बँड केला. गिटारवर काई हान्सेन आणि मिशाएल वायकाट, बासवर मार्कुस ग्रोसकॉफ, ड्रम्सवर इंगो श्विख्टेनबर्ग. बर्लिनच्या नॉइज रेकॉर्ड्सने त्यांना घेतलं आणि १९८५ मध्ये 'वॉल्स ऑफ जेरिको' हा पहिला पूर्ण अल्बम आला. त्यावर गातो हान्सेन. त्याचा आवाज म्हणजे नाकातला, पातळ, थोडा खरखरीत, पण जीव तोडून गाणारा. अडचण अशी की त्या वेगाची गिटार वाजवत वाजवत गायचं म्हणजे एकाच वेळी दोन प्रोसेस आणि प्रोसेसर एकच. मैफलीत ते झेपेना. मग त्याने ठरवलं, आपण नुसती गिटार वाजवायची, गायक दुसरा आणायचा.

तो मिळाला त्याच शहरात. मिशाएल किस्के, जेमतेम अठरा वर्षांचा. हा मुलगा वरच्या पट्टीत असा सहज जायचा की जणू तिथेच राहायला आहे. या पाच जणांनी 'कीपर ऑफ द सेव्हन कीज'चे दोन भाग केले, पहिला १९८७ मध्ये, दुसरा १९८८ मध्ये. खरं तर त्यांना एकच जोडअल्बम काढायचा होता, कंपनी नाही म्हणाली. आज जगात कुठेही, अगदी फिनलंडपासून ब्राझीलपर्यंत, पॉवर मेटल वाजवणारा कुणीही असो, त्याच्या घराण्याचे मूळपुरुष हे दोन अल्बमच. नुकतीच विशी ओलांडलेली ही पोरं होती, बघा. त्या वयात आपण सेमिस्टरच्या केट्या मोजत होतो. :)

आणि या सगळ्याच्या मागे, ड्रम्सवर, इंगो. सतत हसरा, म्हणून त्याचं नावच पडलं होतं 'मिस्टर स्माइल'. जुने फोटो बघितले तर पटतं.

यश मिळालं की पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. स्टार्टअप असो की बँड, कथा तीच. १९८८ च्या दौऱ्यानंतर सततच्या प्रवासाला आणि आतल्या कुरबुरींना कंटाळून हान्सेन बाहेर पडला. ज्या माणसाने बँड उभा केला तोच गेला. लौकरच त्याने गॅमा रे सुरू केला, राल्फ शीपर्स नावाचा दमदार गायक घेऊन, आणि १९९० मध्ये 'हेडिंग फॉर टुमॉरो' आणला. इकडे हॅलोवीनने कंपनी बदलली, त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. मग १९९३ मध्ये 'कमेलिअन' नावाचा अल्बम आला, ज्यात मेटल कमी आणि ब्रास, अकूस्टिक गिटार असले प्रयोग जास्त. चाहते गोंधळले. बँड आतून फुटला होताच. किस्के आणि वायकाट यांचं अजिबात पटत नव्हतं, आणि त्याच वर्षी किस्केला बाहेर काढण्यात आलं.

पण त्याच्याही आधी, त्याच १९९३ मध्ये, इंगो गेला होता. म्हणजे त्याला जावं लागलं. त्याला स्किझोफ्रेनिया होता, जोडीला नशापाणी. दौऱ्यावर त्याची तब्येत अशी बिघडली की वाजवणं शक्य राहिलं नाही. बँडने त्याला सोडलं आणि दुसरा ड्रमर घेतला.

इथे कुणाला दोष देणं सोपं आहे. मी देणार नाही. पंचविशी-तिशीतली मुलं, कर्ज, करार, कोर्ट, रोजचं भांडण, आणि त्यात एक मित्र असा आजारी की काय करायचं ते कुणालाच कळत नाही. आपल्यातल्या कितीजणांना कळलं असतं?

८ मार्च १९९५ ला हॅम्बर्गमध्ये इंगोने आपलं आयुष्य संपवलं. तो तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत 'लँड ऑफ द फ्री' दुकानात आला.

आता या अल्बमकडे वळतो. गॅमा रेचंही त्या वेळी फार बरं चाललं नव्हतं. रॉब हॅलफर्डने सोडल्यामुळे जुडास प्रीस्टमध्ये गायकाची जागा रिकामी होती, आणि शीपर्सचं लक्ष तिकडे लागलं होतं. वर तो राहायचा हॅम्बर्गपासून लांब, त्यामुळे तालमींचे वांधे. १९९४ मध्ये तो वेगळा झाला. (प्रीस्टची नोकरी त्याला मिळाली नाहीच. पण १९९७ मध्ये त्याने प्रायमल फिअर नावाचा बँड काढला आणि चांगला चालवला.) आता गायक कुठून आणायचा? आठ-नऊ वर्षांपूर्वी 'मला झेपत नाही' म्हणून ज्याने माइक खाली ठेवला होता, त्या हान्सेननेच तो पुन्हा उचलला.

काळही कसा? १९९५. अमेरिकेतल्या ग्रंजने सगळं व्यापलेलं. दोन गिटारी, उंच आवाज, लांब केस, आशावादी ध्रुवपदं, हे सगळं तेव्हा हास्यास्पद झालं होतं. उदास असणं ही त्या वेळची फॅशन होती. अशा वेळी हान्सेनने काय करावं? तर पावणेनऊ मिनिटांच्या गाण्याने अल्बम सुरू करावा! 'रिबेलियन इन ड्रीमलँड' हळुवार उघडतं, मग चढत चढत जातं, मध्ये चाल बदलते, वेग बदलतो. ते संपतं न संपतं तोच 'मॅन ऑन अ मिशन' तोफेसारखं सुटतं. दुष्ट सत्ता, गुलाम झालेले लोक, बंड, मुक्त भूमी, अशी एक ढोबळ कथा अल्बमभर आहे. कथेला फार अर्थ शोधू नका. अर्थ गिटारींमध्ये आहे. हान्सेन आणि डिर्क श्लेख्टर यांच्या गिटारी सवालजवाब करतात, मग खांद्याला खांदा लावून धावतात. दोन गाण्यांच्या मध्ये मिनिटभराचे छोटे तुकडे आहेत, तेही ओवलेले. तेरा ट्रॅक, पण ऐकताना एकच लांब श्वास.

आणि हान्सेनचा आवाज? तोच. नाकातला, पातळ. शीपर्सच्या पुढे तांत्रिकदृष्ट्या कमीच. पण मला वाटतं या अल्बमची जादू तिथेच आहे. किस्के किंवा शीपर्स 'आपण जिंकू' असं गातात तेव्हा ते जिंकणारच असं वाटतं, कारण त्यांच्या गळ्याला काही अशक्यच नाही. हान्सेन तेच गातो तेव्हा त्याला त्या स्वरापर्यंत पोचायला कष्ट पडताना ऐकू येतात. तो पोचतो, पण चढून पोचतो. आपल्यासारख्या चारचौघांना तो स्वर स्वतःचा वाटतो.

यावर दोन पाहुणे आहेत, आणि दोघांच्या येण्याला इतिहास आहे. एक म्हणजे क्रेफेल्डच्या ब्लाइंड गार्डियनचा गायक हान्सी क्यूर्श. तो 'फेअरवेल'मध्ये आणि आणखी काही ठिकाणी कोरसमध्ये गातो. ही परतफेड होती. १९८९ मध्ये ब्लाइंड गार्डियन तसा नवखा असताना हान्सेन त्यांच्या 'वल्हाला' गाण्यात गायला होता. दुसरा पाहुणा म्हणजे मिशाएल किस्के. हॅलोवीनमधून नुकताच बाहेर काढलेला, मेटलवर वैतागलेला किस्के 'टाइम टू ब्रेक फ्री' संपूर्ण गातो. सहा-सात वर्षांनी हान्सेनची गिटार आणि किस्केचा आवाज पुन्हा एका गाण्यात. गाण्याचं नावही बघा, बंधन तोडायची वेळ! आणि गाणं खळखळून आनंदी. तुम्ही पहिल्यांदा ऐकाल तेव्हा दोन जुने मित्र स्टुडिओत दंगा करतायत असंच वाटेल.

त्यानंतर लगेच येतं अल्बममधलं शेवटचं गाणं, 'आफ्टरलाइफ'. हे इंगोसाठी आहे.

मी कितीतरी वर्षं हे न कळता ऐकलं. कारण हे गाणं रडकं नाही. शोकगीत म्हटलं की पियानो, संथ लय, व्हायोलिनं अशी आपली अपेक्षा असते. इथे तसलं काही नाही. गिटारी आहेत, ध्रुवपदाला सगळे मिळून गातात, ड्रम्स तर आहेतच. आणि मग एक दिवस माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ड्रमरला निरोप द्यायचा तर ड्रम्स थांबवून कसा देणार? ज्या भाषेत तो बोलायचा त्याच भाषेत बोलावं लागणार. त्यांच्याकडे दुसरी भाषा नव्हतीच.

एक आणखी गोष्ट, जी एकत्र ठेवल्याशिवाय दिसत नाही. १९९६ मध्ये हॅलोवीनचा (आता नवा गायक आंडी डेरिस, नवा ड्रमर) 'द टाइम ऑफ द ओथ' आला. तो अल्बम इंगोला अर्पण केलेला. त्याच वर्षी किस्केचा पहिला एकट्याचा अल्बम 'इन्स्टंट क्लॅरिटी' आला. त्यातलं 'ऑलवेज' हे गाणं, तेही इंगोसाठी. म्हणजे बघा, एकेकाळी एका खोलीत वाजवणारे हे लोक तीन दिशांना पांगले होते. काहींचं एकमेकांशी बोलणंही नव्हतं. आणि वर्ष-दीड वर्षाच्या आत तिघांनी तीन वेगळ्या ठिकाणी एकाच माणसासाठी गाणी वाजवली. एकत्र बसून रडले असते तर बरं झालं असतं, पण तेवढं नातं शिल्लक नव्हतं. गाणी मात्र शिल्लक होती.

म्हणून 'हॅपी मेटल' म्हणून कुणी हसलं की मला वाईट नाही वाटत, फक्त थोडं अपुरं वाटतं. या अल्बममधला आनंद भोळा नाही. तो ज्यांनी वाजवला त्यांनी बँड मोडताना पाहिला होता, मैत्री तुटताना पाहिली होती, आणि सगळ्यात हसरा मित्र गमावला होता. उदास अल्बम काढायला त्यांच्याकडे सगळी कारणं होती, बाजारही अनुकूल होता. तरी त्यांनी दोन गिटारी 'सा रे ग' आणि 'ग म प' अशा लावल्या आणि मोठ्याने गायले. याला हिंमत लागते.

पुढचा इतिहास थोडक्यात. 'लँड ऑफ द फ्री' हा या चार जणांचा, म्हणजे हान्सेन, श्लेख्टर, यान रुबाख आणि थोमास नाक यांचा, हान्सेन गात असलेला एकमेव स्टुडिओ अल्बम ठरला. १९९७ च्या अल्बमपर्यंत बँड पुन्हा बदलला, श्लेख्टर गिटार सोडून बासवर गेला. पण बी रुजलं होतं. त्याच १९९७ मध्ये स्वीडनच्या हॅमरफॉलचा आणि इटलीच्या रॅप्सडीचा पहिला अल्बम आला, फिनलंडच्या स्ट्रॅटोव्हेरियसचा 'व्हिजन्स' आला, आणि ज्याला लोक मेलेलं समजत होते ते संगीत युरोपभर पुन्हा उभं राहिलं. २०१२ मध्ये युनिसॉनिक या बँडच्या पहिल्या अल्बमवर हान्सेन आणि किस्के पुन्हा एकत्र दिसले.

आणि मग ऑक्टोबर २०१७. मेक्सिकोतल्या मॉन्तेरे शहरात हॅलोवीनचा 'पम्पकिन्स युनायटेड' दौरा सुरू झाला. मंचावर वायकाट, ग्रोसकॉफ, डेरिस... आणि हान्सेन... आणि किस्के! जुन्या भांडणांतले जवळजवळ सगळे. एकाची जागा कोण भरणार होतं? त्यांनी ती भरायचा प्रयत्नच केला नाही. कार्यक्रमाच्या मध्ये पडद्यावर इंगोचं जुनं चित्रण लावायचे. तो ड्रम्सवर एक तुकडा वाजवायचा आणि सध्याचा ड्रमर डानी ल्योबले मंचावरून त्याला उत्तर द्यायचा. मेलेल्या आणि जिवंत ड्रमरची जुगलबंदी. हजारो लोक हात वर करून. २०२१ मध्ये या सगळ्यांचा मिळून 'हॅलोवीन' हा अल्बम आला आणि जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला. पन्नाशी गाठलेली, ओलांडलेली माणसं होती ही तोवर. म्हणजे समेटाला पंचवीसेक वर्षं लागली. तेवढ्या वेळात एक जागा कायमची रिकामी झाली होती.

आता थोडं माझं. हा अल्बम मला दिला हॉस्टेलवरच्या एका मित्राने, २००१ मध्ये, पन्नास रुपयांच्या एमपी३ सीडीवर मार्करने नाव लिहून. (तेव्हा सगळे असंच करायचे. नंतर नोकरी लागल्यावर मी खरी सीडी घेतली, पापक्षालन म्हणून.) आमचाही एक बँड होता. दोन गिटारी, एक बास, आणि ड्रम्सवर हा मित्र. तीन गॅदरिंगं वाजवली, एकदा वीज गेली तरी हा वाजवत राहिला. मग भाड्याने आणलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या डिपॉझिटवरून भांडण झालं. रक्कम सांगत नाही, लाज वाटते. आज एवढ्यात दोन पिझ्झे येत नाहीत. पण त्यावरून जे बोलणं थांबलं ते थांबलंच. मध्ये कुणाकडून तरी कळलं की त्याची तब्येत मधली काही वर्षं बरी नव्हती, घरीच होता. कुठला आजार ते सांगणाऱ्याने आवाज खाली करून सांगितलं, त्यावरूनच मला कळलं. मी 'अरेरे' म्हटलं आणि मीटिंगला गेलो.

खूप हसवायचा तो आम्हाला. रात्री दोन वाजता मेसच्या ताटांवर डबल बास वाजवून दाखवायचा, चमच्यांनी.

तर सोमवारी त्या तेवीस वर्षांच्या मुलाला अल्बमची लिंक पाठवणार आहे. सांगणार आहे की बाबा, हवं तितकं हस, पण सलग ऐक, आणि शेवटचं गाणं सोडू नकोस.

त्याच्या आधी, उद्या रविवार आहे, एक फोन करायचाय. नंबर शोधून ठेवलाय.